कापसाची रोकड आणि खिशातलं पिस्तूल

वाचकाचं पत्र

नाना, सप्रेम नमस्कार. मी अमळनेर तालुक्यात कापसाची खेडा खरेदी करतो. सीझनला रोज दोन-तीन लाखांची रोकड जवळ असते; कधी पिकअपमध्ये, कधी मोटरसायकलवर. मागच्या सीझनला माझ्या मावसभावाला तिन्हीसांजेला रस्त्यात अडवलं, डोळ्यांत मिरचीपूड टाकली आणि पिशवी हिसकून नेली. त्यानंतर मी शस्त्र परवान्याचा अर्ज केला, तो आता मंजूर झालाय. मला खिशात मावेल, बाहेरून दिसणार नाही असं लहान पिस्तूल हवंय. बजेट एक लाख. एक मित्र म्हणतो, .२२ चं 'निडर' घे, स्वस्त नि हलकं. दुसरा म्हणतो, .३२ शिवाय घेऊच नको. यूट्यूबवर तळहाताएवढी पिस्तुलं दिसतात, ती आपल्याकडे मिळतात का? एकाने तर २५ हजारांत गावठी आणून देतो असं सांगितलं. बायको एकच म्हणते, "घरमा पोरे शेतस, हाई बला कसाले?" पोरं ९ आणि १४ वर्षांची आहेत. दसऱ्याला आमचा खरेदीचा मुहूर्त असतो, तेव्हा शस्त्र पूजेला ठेवायची इच्छा आहे. काय करू?

एक कापूस व्यापारी, अमळनेर तालुका

भाऊ,

तुमच्या मावसभावाच्या डोळ्यांना काही झालं नाही ना, हे पत्रात लिहिलेलं नाही. ते बरे असतील असं धरून पुढे लिहितो.

आधी गावठीचं मिटवतो. मी पोलिसांच्या शस्त्रागारात २६ वर्षं काढली. सातपुड्याच्या कडेने, चोपड्याच्या वरच्या अंगाने येणाऱ्या गावठी पिस्तुलांच्या बातम्या तुम्ही पेपरात वाचता. जप्तीतली अशी कितीतरी पिस्तुलं मी हातात घेतली आहेत. वरून पॉलिश झकास असतं, मुठीवर परदेशी कंपनीचं नावही कोरलेलं असतं. पण नळीत टॉर्च मारला की सगळं उघडं पडतं. कसला तरी पाइप कापून आत बसवलेला, आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पीळदार खाचा, नावापुरते किंवा नाहीतच. काडतूस उडतं तेव्हा तो सगळा दाब त्या पाइपावर येतो. एका जप्तीतल्या कट्ट्याची नळी मागच्या बाजूला शेंगेसारखी उकललेली मी पाहिली आहे. ज्याच्या हातात ती उकलली त्याच्या अंगठ्याचं पेर गेलं होतं. आणि कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र नुसतं जवळ बाळगलं तरी किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं कैद आहे. तुमच्याकडे परवाना आहे म्हणून सुटका होत नाही, कारण परवान्यावर विशिष्ट नंबरचं शस्त्र नोंदलेलं असतं. आणून देतो म्हणणाऱ्या माणसाशी हा विषय पुन्हा काढू नका, फोनवर तर अजिबात नको.

यूट्यूबवरचीही गोष्ट लगेच संपते. ती तळहाताएवढी पिस्तुलं अमेरिकेच्या बाजारातली आहेत. ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे मनाई असलेलं नळीचं माप आहे, सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकापासून जवळजवळ बंद आहे, त्यामुळे देशात आधीपासून असलेली जुनी परदेशी .३२ पिस्तुलं हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती काही लाखांत असतात. तुमच्या बजेटात ती बसत नाहीत. ते व्हिडिओ बघून मनात जे चित्र तयार झालंय, ते आधी पुसून टाका.

आता मुख्य गोष्ट. कुठलं पिस्तूल खिशात मावेल हे तुम्ही विचारलंत. मला विचाराल तर खिसा हीच चुकीची जागा आहे, आणि ते तुम्हाला घरच्या घरी पडताळता येईल. आज संध्याकाळी मोटरसायकल डबल स्टँडवर लावा, रोज घालता तीच पँट घालून वर बसा, उजव्या खिशात मोबाइल ठेवा. उजवा हात ॲक्सिलरेटरवर, डावा क्लचवर. आता कोणीतरी 'हं' म्हणाल्याबरोबर मोबाइल बाहेर काढा. बसल्यावर मांडीच्या सांध्याशी खिसा दुमडतो, हात मनगटापर्यंतच जातो, कापड सोबत वर येतं. चार-पाच सेकंद जातात, आणि मधे एकदा कंबर उचलावी लागते. पिकअपमध्ये सीटबेल्ट लावून करून पाहा, त्याहून वाईट होतं. मिरचीपूड टाकणारा दोन सेकंदांत काम उरकतो. मावसभावाच्या खिशात त्या दिवशी शस्त्र असतं, तर रोकड गेली असतीच आणि वर शस्त्रही त्यांच्या हाती लागलं असतं.

यात दुसरी, माझ्या दृष्टीने जास्त मोठी अडचण आहे. खिशात नुसतं सोडलेलं शस्त्र चापावर काहीही अडकून उडू शकतं. पारोळ्याच्या रस्त्यावर एका टपरीवर एक ओळखीचे गृहस्थ बाकावर बसले, खिशात पिस्तूल आणि त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा. बसताना किल्ली चापाच्या कड्यात शिरली. गोळी मांडीतून आरपार गेली, हाड वाचलं, पण तो माणूस आजही जिना चढताना कठडा धरतो. म्हणून नियमही तसाच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन बाळगायची ती त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या म्यानात, अंगाला पक्की बांधून, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात राहील अशी. म्हणजे दिसू नये ही तुमची इच्छा नियमात बसते, नुसतं खिशात टाकणं बसत नाही. खिसाच हवा असेल तर खिशाचं होल्स्टर मिळतं. ते चाप पूर्ण झाकणारं आणि कडक असावं, शस्त्र काढताना खिशातच राहणारं असावं. आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काहीच नको. सुटे पैसे, चुना-तंबाखूची डबी, पावतीचा कागद, सगळं दुसरीकडे.

कमरेला, उजव्या अंगाला, सैल शर्टाखाली बांधलेलं होल्स्टर तुमच्यासाठी जास्त बरं. बसल्यावरही हात तिथे पोचतो. आपल्याकडे खेड्यांत शर्ट बाहेर सोडूनच फिरतात, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि एकदा कमर ठरली की शस्त्र अगदी लहान असलंच पाहिजे ही अट सुटते. मग निवड सोपी होते.

सगळ्यात लहान 'निडर'. आयुध निर्माणीचं .२२ रिव्हॉल्व्हर, वजन पाव किलोच्या आसपास, बाजारात आलं तेव्हा कर सोडून ३५ हजारांच्या घरात. तुमच्या मित्राला ते का आवडलं हे मला समजतं. पण .२२ च्या काडतुसात बार पेटवणारा मसाला बुडाच्या कडेला असतो, मध्यभागी नसतो. अशा काडतुसात ठोका बसूनही बार न उडण्याचं प्रमाण जास्त असतं. गोळीही हलकी. शिवाय नळी इतकी आखूड की चार पावलांपलीकडे नेम धरायला बराच सराव लागतो, आणि तो घरी रिकाम्या शस्त्रावर करायचा म्हटलं तर .२२ च्या शस्त्राचा चाप रिकामा ओढत बसणं त्याच्या तब्येतीला चांगलं नाही. मी तुम्हाला ते सुचवणार नाही.

मग .३२. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. .३२ पिस्तूल आणि .३२ रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं वेगळी असतात. पिस्तुलाचं आखूड, रिव्हॉल्व्हरचं लांब आणि बुडाला रुंद कड असलेलं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर पिस्तूल लिहिलंय, रिव्हॉल्व्हर लिहिलंय की दोन्हीपैकी एक, ते दुकानात जाण्याआधी नीट वाचा.

आयुध निर्माणीचं .३२ पिस्तूल 'अशनी' नावाने विकतात. सपाट असल्यामुळे कपड्यांखाली ते रिव्हॉल्व्हरपेक्षा चांगलं लपतं. पण तुमच्या कामाचा विचार करा. चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेलं काडतुसाचं घर, रिकामं ठेवलं तर पहिली गोळी चढवायला दोन्ही हात लागतात आणि तुमचा एक हात पैशाच्या पिशवीवर असतो. चेंबर भरलेलं ठेवलं तर तुमची मांडी आणि गोळी यांच्यामध्ये फक्त सेफ्टीचं बटण उरतं. काडतूस अडकलं तर ते सोडवण्याचा सराव हवा. जो माणूस दर महिन्याला वेळ काढून सराव करतो त्याने पिस्तूल खुशाल घ्यावं. ऑक्टोबर ते जानेवारी तुम्हाला जेवायला वेळ नसतो, हे मला माहीत आहे.

म्हणून तुमच्यासाठी रिव्हॉल्व्हर. चाप लांब आणि जड असतो, चुकून ओढला जाणं अवघड. एक काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढा, काडतुसं भरलेलं गोल चक्र पुढच्या घरावर सरकतं. भरलंय की रिकामं, हे चक्र उघडलं की साध्या डोळ्यांना दिसतं. घरात पोरं आहेत तिथे मला हे फार मोलाचं वाटतं. यात 'निर्भीक' हे २०१४ मध्ये आलेलं कानपूरचं रिव्हॉल्व्हर हलकं आहे, अर्धा किलोच्या आसपास, सहा गोळ्यांचं. खिशाचा हट्ट राहिलाच तर हेच. कानपूरचंच 'प्रबल' २०२३ मध्ये आलं. त्याचं चक्र बाजूला उघडतं, नळी ७६ मिलिमीटर, वजन ७०० ग्रॅम. ते कमरेचं शस्त्र आहे, आणि हातात धरल्यावर मला ते जास्त स्थिर वाटलं. हलकं शस्त्र बाळगायला सोपं पण झाडायला अवघड. झटका मनगटाला बसतो आणि दुसरी गोळी वर जाते.

पण पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे. ७० हजार मूळ किंमत असलेलं शस्त्र हातात पडेपर्यंत ९८ हजारांना जातं. 'निर्भीक' तर आलं तेव्हाच १ लाख २२ हजारांच्या घरात होतं. त्यात होल्स्टर, भिंतीत बसवायचं लोखंडी लॉकर आणि सरावाची काडतुसं धरा. यात काटकसर करून शस्त्र भारी घेऊ नका. मी तुमच्या एक लाखातले २० हजार आधीच बाजूला काढले असते. उरलेल्या ८० हजारांत नवं .३२ रिव्हॉल्व्हर बसवणं कठीण आहे.

त्यामुळे वापरलेलं बघा. खान्देशात अशी घरं पुष्कळ आहेत जिथे वडिलांच्या नावावर रिव्हॉल्व्हर होतं, मुलांना ते ठेवायचं नाही आणि शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा दुकानात जमा पडून आहे. रीतसर परवानाधारक विक्रेत्यामार्फत व्यवहार करा. परवानाधारकाकडून थेट घेत असाल तर विकणाऱ्याने तुमच्या नावा-पत्त्यासह लेखी कळवल्यावर ४५ दिवस थांबावं लागतं. दसऱ्याचा मुहूर्त धरून त्यात घाई करू नका.

बघायला जाताना एक छोटा टॉर्च आणि पांढरा सुती रुमाल घेऊन जा. आधी स्वतःच्या हाताने चक्र उघडून रिकामं असल्याची खात्री करा, समोरचा कितीही मोठा माणूस असो. मग चक्र उघडं ठेवूनच मागच्या बाजूला अंगठ्याचं नख धरा, त्यावर टॉर्चचा उजेड पाडा आणि पुढून नळीत बघा. आटे तीक्ष्ण, चकचकीत दिसले पाहिजेत. खसखशीसारखे काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेली नळी. ते घासून जात नाहीत. रुमाल नळीतून फिरवून काढा. तांबूस डाग आला तर शस्त्र वर्षानुवर्षं तेलाविना पडून होतं. जुनी रिव्हॉल्व्हरं मधे मोडून उघडणारी असतात, त्यांच्या बिजागरीत खेळ आलाय का ते नळी आणि मूठ दोन हातांत धरून हलवून पाहा. कट्कट् आवाज आला तर सोडून द्या. शेवटी मालकाची परवानगी घेऊन रिकाम्या शस्त्राचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, सावकाश मागे घ्या आणि पूर्ण मागे आल्यावर चक्र बोटांनी हलवून बघा. किंचित हालचाल चालते, पण सैलपणे हलत असेल तर गोळी नळीत सरळ शिरणार नाही. सहाही घरांवर हे करा. शस्त्राचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. यातलं एकही जमत नसेल तर जाणता माणूस सोबत न्या, पण 'आपलाच माणूस आहे' म्हणून न बघता घेऊ नका.

शस्त्र घेतल्यावर तुमच्या धंद्यातला एक शत्रू आहे, कापूस. एका व्यापाऱ्याने बरं चालत नाही म्हणून रिव्हॉल्व्हर मला दाखवलं होतं. उघडलं तर घोड्याच्या पुढच्या खाचेत बोटाच्या पेराएवढा रुईचा बोळा, तेलात भिजून घट्ट झालेला. दिवसभर जिनिंगमध्ये बसायचे, तंतू हवेत असतातच. घोडा त्या बोळ्यावर आपटून थांबायचा, काडतुसापर्यंत पोचतच नव्हता. सहा महिने ते भरवशाने बाळगत होते. तुम्ही आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने साफ करा. तेलाचा हात अगदी पातळ ठेवा, कारण तेलाला तंतू चिकटतात. उन्हाळ्यात उलट घामाचा त्रास. मे महिन्यात ४४-४५ अंशांत कमरेला बांधलेलं लोखंड दोन दिवसांत तांबूस पडतं, तेव्हा रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसा. होल्स्टर आतून सुकू द्या.

लोक मला एक विचारतात म्हणून सांगतो. वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथे काडतुसं बनतात, मग आतून स्वस्तात मिळतील का? तिथला माल लष्कराचा आहे. तसं कोणी म्हणालं तर तो तुम्हाला तुरुंगात धाडायला निघालाय. तुमची काडतुसं परवानाधारक दुकानातून, परवान्यावर नोंद करून, ठरवून दिलेल्या संख्येइतकीच.

आणखी एक आपल्या भागापुरतं. तुमचा माल सेंधव्याला, खेतियाला, बऱ्हाणपूरला जात असेल. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते जिल्ह्यापुरतं किंवा महाराष्ट्रापुरतं असेल तर शस्त्र कमरेला लावून मध्य प्रदेशच्या नाक्यापलीकडे गेलात की गुन्हा होतो. पळासनेर ओलांडताना कोणाच्या हे लक्षातच येत नाही. क्षेत्र वाढवायचं तर वेगळा अर्ज करावा लागतो. निवडणूक लागली आणि शस्त्र जमा करायचा आदेश आला तर त्याच दिवशी ठाण्यात द्या, पावती घ्या.

गोळी कधी झाडता येते याबद्दल एवढंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, दरोड्यात मालमत्तेच्या रक्षणासाठीही आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही. पिशवी घेऊन पाठमोरा पळणाऱ्याला, ज्याच्यापासून तुमच्या जिवाला आता धोका उरलेला नाही, गोळी घातलीत तर उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही असाल. ती पिशवी जाऊ द्या. वरातीत किंवा हळदीला हवेत बार काढायचा आग्रह होईल, तिथे शस्त्र न्यायचंच नाही. त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी तुमच्या जागी असतो तर शस्त्राबरोबरच रोकडीचं गणित बदललं असतं. वीस क्विंटलची गाडी भरली की दीड लाख होतात. ते बँकेतून द्या; खात्यात थेट पैसे पाठवायचं एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं. अर्धे शेतकरी तयार होतील, विशेषतः पोरं ज्यांची शिकलेली आहेत ते. उरलेल्यांची रोकड दोन फेऱ्यांत न्या, दुपारी न्या, रस्ता आणि वेळ रोज बदला, आणि आज किती पैसे आहेत हे चहाच्या टपरीवर बोलू नका. मोटरसायकलवर रोकड नेणं पूर्ण बंद करा. पिकअपमध्ये सोबत एक माणूस हवाच. मावसभावाला अडवणाऱ्यांना त्याची वेळ आणि रस्ता कोणीतरी सांगितला होता, एवढं मी पैजेवर सांगतो.

वहिनींचा प्रश्न मात्र तुम्ही उडवून लावू नका. त्या बरोबर बोलतात. लॉकर भिंतीत पक्कं बसवा. शस्त्र त्यात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली तुमच्या गळ्यात किंवा कमरेला, देव्हाऱ्यामागे नाही. पोरांना देव्हाऱ्यामागची जागा सगळ्यात आधी माहीत असते. घरात आल्याबरोबर, चपला काढायच्या आधी, रिकामं करून कुलूप. १४ वर्षांच्या मुलापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्याला समोर बसवून एकदा सांगा की घरात शस्त्र आहे, ते खेळणं नाही, कुठे उघडं दिसलं तर हात न लावता लगेच सांगायचं. धाकट्याला एवढं पुरे की लॉकरला हात लावायचा नाही. वहिनींना शस्त्र उघडून रिकामं आहे का बघायला शिकवा. तुम्ही तापाने फणफणला असाल त्या रात्री ते त्यांनाच करावं लागेल.

दसऱ्याला शस्त्र पूजेला ठेवायचं म्हणता, ठेवा. यंदा आलं नसेल तर पुढच्या वर्षी. त्या दिवशी ते नीट साफ करा, चक्र उघडं करूनच पाटावर ठेवा, सहाही घरं रिकामी दिसू द्या. काडतुसं पूजेत मांडायची नाहीत, ती मोजून आदल्या रात्रीच कुलपात. पाहुणे येतील, कोणीतरी हातात घेऊन फोटो काढायला मागेल. नाही म्हणा, वाईट वाटलं तरी. हळदीकुंकू लोखंडावर ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी तिथे गंज धरतो. म्हणून आरती झाली की लगेच पुसा, तेलाचा हात फिरवा, आणि आपट्याची पानं वाटायला निघायच्या आधी ते लॉकरमध्ये ठेवून कुलूप लावा.

तुमचा
नाना